बांधावरची सावली

"पान उन्हावर अन्न बनवतं, अक्का. तुमच्या सिल्व्हर ओकच्या सावलीत माझं सफरचंद उपाशी मरतंय. तोडा ती झाडं," मंजुळा बांधावरून थोरल्या जावेवर डाफरली.

"तोडते. पण पाऊस पडू दे."

"आजच तोडा, नाहीतर पंचायत बोलावते."

काही बोलायला उघडलेलं तोंड थोरलीने मिटलं आणि गडी लावले. संध्याकाळपर्यंत बांध मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी सफरचंदावर भरदुपारचं ऊन पडलेलं बघून मंजुळा गालातल्या गालात हसली. आठवडाभरात वैशाखाने त्याचं पान न् पान करपवलं.

"सावलीत वाढलेली पानं ती. एकदम ऊन कसं सोसतील?" थोरली बांधावर येऊन म्हणाली.

"माहीत होतं, तर सांगितलं का नाही?"

"सांगणारच होते. तेवढ्यात तू पंचायतीचं नाव काढलंस."