ताइताची गाठ

लालासाबला कोल्हापुरात महाराजांच्या नव्या गिरणीत काम लागलं आणि त्यानं तिथंच वेगळी खोली केली. तशी इकडं उचगावात त्याच्या आईनं, शमशादबीनं, अंथरूणच धरलं. ना खाणं, ना बोलणं, नुसतं भिंतीकडं बघत पडणं. बातमी कळताच सून सलिमा कोल्हापुरातून धावतपळत आली. एवढ्या हौसेनं मांडलेली चूल मोडून परत यावं लागणार की काय?

मौलवीसाबांनी ताईत दिला. "ह्यो सुनेनंच बांधायचा, आन् मग दोघींनी एका ताटात जेवायचं. गाठ सुटली, तर पुन्हा तिनंच यायचं."

आठवड्यात तीनदा निरोप आला: गाठ सुटली! दर खेपेला सलिमा टांग्यातून उतरते तो काय, शमशादबी दारातच उभी, चुलीवर खिमा रटरटतोय आणि तोंडाचा पट्टा सुरू!

चौथ्या खेपेला सलिमा आधी मौलवीसाबांकडं गेली. "चाचा, दोरा लई कच्चा हाय की तुमचा!"

"कच्चा? अगं पोरी, त्याच दोऱ्यानं माझा आडमुठा बोकड बांधलाय. तीन म्हैनं झालं, सुटला न्हाय!"

सलिमा पदरात तोंड खुपसून खुदखुदली. तशीच सासूकडं गेली, तिच्या दंडाला ताईत लावला आणि गाठ मारली. मुद्दाम सैल.