एकही तक्रार नाही

तारखांचा हिशोब करणारा कोड कंपनीतल्या सगळ्या टीम वापरायच्या, आणि तो सांभाळायची ताई. वर्षभर खपून तिने तो पार नवा केला होता. दर महिन्याला नवं व्हर्जन काढायची आणि तोऱ्यात सांगायची, "एकाही टीमची तक्रार नाही!"

आज बिलांच्या टीममधली मैत्रीण तिच्या टेबलापाशी आली. "अगं, लीप वर्षाला तुझा कोड चुकतोय."

"शक्यच नाही. ते मी कधीच दुरुस्त केलंय."

कोणत्या कोडचं कोणतं व्हर्जन घ्यायचं हे जिच्यात लिहिलेलं असतं, ती मैत्रिणीच्या टीमची बिल्ड फाइल ताईने उघडली. तिथे तिच्या कोडचं गेल्या वर्षीचं व्हर्जन पक्कं करून ठेवलेलं होतं; नवं कितीही निघालं तरी वापरलं जाणार ते जुनंच. मग तिने बाकीच्या टीमच्या फाइली पाहिल्या. सगळीकडे तेच जुनं व्हर्जन. तिचं वर्षभराचं काम कोणापर्यंत पोचलंच नव्हतं, तर तक्रार कोण करणार?

"नवं घ्यायला काय धाड भरली होती तुम्हाला?" तिने हातातला कप खाली ठेवत विचारलं.

मैत्रीण जरा घुटमळली. "घेणारच होतो गं. म्हटलं, आधी बघू या तू स्वतः कसं वापरतेस. म्हणून तुझ्या रिपोर्टच्या प्रोग्रॅमची फाइल उघडली."

ताईनेही ती उघडली. शेजारी 'तात्पुरतं' असं लिहून तिथे तेच जुनं व्हर्जन पक्कं केलेलं होतं. तिनेच.

"रांधणारीच पानावर बसेना," मैत्रीण हळूच म्हणाली, "मग आम्ही तरी कशाला बसतोय!"