राखणदाराचा वाटा

आवडी हातात ताट घेऊनच बांधावर आली, तेव्हा चुलीवरच्या कोंबड्याला नुकती उकळी फुटली होती.

महिपतच्या हातातला डाव तसाच राहिला. त्याचा धाकटा भाऊ राजेंद्र कांदा चिरत होता. त्याने वहिनीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. भावकीतले सगळ्यात वडील चंदूतात्या बांधावरच्या शेंदरी दगडापुढे, शेताच्या राखणदारापुढे, बसले होते. निखाऱ्यावर भाजलेला कलेजीचा तुकडा त्यांनी पानावर ठेवला होता आणि हात जोडले होते.

"हय कशाला आलीस गो?" महिपतने बायकोला विचारलं.

"जेवायला."

कापणीआधी राखणदाराला कोंबडा द्यायचा, शेतातच शिजवायचा आणि तो बाप्यांनीच खायचा. उरलंसुरलं तिथेच पुरायचं. बाईने चव घेणं सोडाच, चुलीचा धूर दिसला तरी तिने वाट बदलायची. कुडपणच्या माळावर ही रीत कोणी घातली ते कोणालाच ठाऊक नाही, पण पाळायला मुंबईहून सगळे हजर. नांगरणीला, लावणीला, बेणणीला यांना रजा मिळत नाही. राखणीला मात्र मिळते.

"वयनी, घरी जावा," राजेंद्र म्हणाला. "तुमच्यासाठी सेपरेट चिकन आनलाय ना पोलादपूरवरना."

"तो तुम्ही खावा, भावजी. मला ह्यातला पायजे."

ती लंगडत पुढे आली. भाताचं कणीस भरू लागल्यापासून ती रोज रात्री शेतातल्या माळ्यावर बसून पत्र्याचा डबा बडवायची. एका रात्री रानडुक्कर डब्याला भ्यालं नाही. ती काठी घेऊन खाली उतरली आणि त्याने तिची पोटरी फाडली. महाडच्या दवाखान्यात टाके घातले. महिपतने तेव्हा फोनवर सांगितलं होतं, "राखनदार व्हता म्हनून वाचलीस." ते वाक्य तिने खाटेवर पडल्या पडल्या इतकं चघळलं की त्याचा चोथा झाला, पण गिळता काही आलं नाही.

चंदूतात्यांनी घसा खाकरला. "आवडे, बायमानसाचं तोंड लागलं तर राखनदार उठून जातो. मग डुकरं शिरतात शेतात."

"शिरलीच की, तात्या." तिने साडी पोटरीपर्यंत वर केली. "ह्यो बगा. तवा मी काय खाल्लं व्हतं?"

तात्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

"वाद घालू नको," महिपत म्हणाला. "शेत पिकतंय ना? बांधावर तो हाय म्हनून पिकतंय."

आवडीला राग आला. तो गेले कित्येक दिवस येत होता आणि ती त्याला परत पाठवत होती. आज तिने त्याला बसायला जागा दिली.

"कोन हाय बांधावर? ह्यो?" तिने दगडाकडे बोट केलं. "दरडी आल्या त्या पावसात बांध फुटला. तुमचा राखनदार वहाळात वाहून गेला. मी शोधला, गावला नाय. बांध मीच परत घातला. मग म्हटलं, मंडळी मुंबईवरना येतील, जागा रिकामी बगतील नि भितील. म्हनून माझा धुन्याचा दगड उचलून हय बसवला."

राजेंद्रच्या हातातला कांदा सुटून भातात गडगडत गेला.

"कापडं धुवायची मी त्याच्यावर," ती म्हणाली. "कसली कापडं ते इचारू नका."

तात्यांचा हात आपोआप कपाळाकडे गेला. त्या दगडाचाच शेंदूर त्यांनी सकाळी तिथे लावला होता.

"खोटं बोलतेस," महिपत म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"मग उचला. खालच्या अंगाला साबनाने गुळगुळीत झालाय."

तिघांतला एकही उठला नाही. खरं निघालं तर पुढे काय करायचं, हे कोणत्याच रीतीत सांगितलेलं नव्हतं. चुलीवरचा रस्सा उतू गेला, निखारे चुरचुरले, तरी कोणी झाकण काढलं नाही.

तात्या पुटपुटले, "मग इतकी वर्सं राखलं कोनी?"

दुखरा पाय लांब करून आवडी दगडाशेजारी टेकली. रिकामं ताट बाजूला ठेवलं. पानावरचा कलेजीचा तुकडा, राखणदाराचा वाटा, तिने उचलला आणि तोंडात घातला.

महिपत तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने शेताकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, पुन्हा तिच्याकडे बघितलं. पिकलं भात वाऱ्याने हलत होतं, रोज हलायचं तसंच. आवडी सावकाश चावत होती.

"मीठ इसरलात," ती म्हणाली.

महिपतने मिठाची पुडी सोडली आणि तिच्यापुढे धरली.