‘थांबा’नंतरचा ठोसा

“सत्काराला मी येणार नाही,” असं सरांनी तिसऱ्यांदा सांगितलं आणि फोन ठेवला.

बायको दारातच उभी होती. “अहो, तीस वर्षं शिकवताय. लोक आपणहून बोलावताहेत, तर गेल्यानं काय आभाळ कोसळणार आहे?”

“मला नको आहे ते.”

“का, एवढं तरी कळू दे.”

सर खालच्या हॉलमध्ये गेले आणि चटया अंथरू लागले.

कराटे, मग ज्युडो, मग कुस्ती, मग काठी, आणि पन्नाशीत ताई-चीचे ते पाण्यात चालल्यासारखे संथ हातवारे. एका जन्मात एका माणसानं पाच विद्या आत्मसात कराव्यात, याचं सगळ्यांना अप्रूप. फक्त एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. कराटे सोडल्यापासून सरांनी कुणावर मूठ उगारली नव्हती. जिथे ठोसा मारावा लागत नाही, असंच काहीतरी ते शोधत फिरले होते.

शिष्यमंडळी पाठीमागे त्यांना ‘थांबा सर’ म्हणत. त्यांनी “थांबा” म्हटलं की हात जिथल्या तिथे गोठायला हवा. इंचभर पुढे गेला, तर आठवडाभर सराव बंद, नुसता झाडू. “सर, घरी आई थांब म्हणाली तरी माझा घास हवेतच राहतो,” असं एक मुलगी म्हणाली, तेव्हा सगळे पोट धरून हसले. सरांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर बायको खाली आली आणि चटईवर त्यांच्यासमोर मांडी घालून बसली. “आता सांगा.”

सरांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. मग बोलू लागले.

छत्तीस वर्षांपूर्वीचा कराटेचा अंतिम सामना. समोरच्या खेळाडूला सगळे ‘तिरप्या’ म्हणत, कारण तो मान जराशी वळवून उभा राहायचा. ती त्याची ऐट आहे असं लोकांना वाटे. त्याच्या डाव्या अंगानं गेलेला हात त्याला हमखास उशिरा कळतो, हे सरांनी दुसऱ्या फेरीतच हेरलं होतं. तरी गुण बरोबरीत होते. शेवटची काही सेकंदं उरली असताना पंच ओरडले, “थांबा!” तिरप्यानं हात खाली केले. आणि सरांचा ठोसा त्याच्या डाव्या डोळ्याखाली बसला.

“पंचांना वाटलं, दोन्ही एकदमच झालं. गुण मला दिला. पण मी ऐकलं होतं गं. स्पष्ट ऐकलं होतं. थांबता आलं असतं मला.”

“मग?”

“दुसऱ्या दिवशी रुग्णालयातून कळलं. त्याचा डावा डोळा गेला.”



“दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. कशाला देईल? आणि आता त्याच पदकाच्या नावानं माझ्या गळ्यात हार घालणार.”

“इतकी वर्षं माझ्यापासूनही लपवलंत.”

“लाज वाटत होती.”

“सत्काराचं नंतर बघू,” ती उठत म्हणाली. “आधी त्याच्याकडे जा.”

“कोणत्या तोंडानं जाऊ?”

“आहे त्याच.”

तिरप्याचं वडिलांच्या वेळेपासूनचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, शहराच्या दुसऱ्या टोकाला. सर तिथे पोहोचले तेव्हा तो उजव्या डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळावर ओणवा झाला होता. केस पांढरे झाले होते. डाव्या डोळ्याखाली टाक्यांचा वण होता.

त्यानं वर पाहिलं. भिंग डोळ्यावरून निसटून काचेवर पडलं.

“ओळखलंत?” सरांनी विचारलं.

“ओळखलं.” त्यानं चिमटा खाली ठेवला. “आज ना उद्या याल, असं वाटतच होतं.”

सरांनी बसायचं नाकारलं. उभ्या उभ्याच बोलले, कारण बसले असते तर धीर सुटला असता. पंचांचा आवाज आपण ऐकला होता, हात आवरता आला असता, जिंकायची हाव होती, सगळं सांगितलं. त्यानंतर कुणावर मूठ उगारली नाही, हेही सांगितलं.

“माफी मागायचाही मला हक्क नाही. तुम्हाला दोन हाणाव्याशा वाटल्या तर हाणा. मी हात वर करणार नाही.”

घड्याळजी उठला. सरांना वळसा घालून दारापाशी गेला आणि शटर अर्ध्यावर ओढून घेतलं. दुकानात अंधारून आलं. सर डोळे मिटून उभे राहिले.

काहीच झालं नाही.

“त्यानंतर कराटे खरंच सोडलंत?” मागून आवाज आला.

“दुसऱ्याच दिवशी.”

“माझ्यामुळे?”

“तुमच्या डोळ्यामुळे.”

घड्याळजी स्टुलावर बसला, म्हणजे जवळजवळ कोसळलाच. मान खाली घालून तो म्हणाला, “तुमची पत्रं मिळाली होती. दोन्ही. उत्तर लिहायला बसायचो आणि कागद फाडून टाकायचो.”

“तुमचा राग मी समजू शकतो.”

“राग नव्हता हो.” त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, या डोळ्यानं दिसतंय का? मी नाही म्हणालो. कधीपासून, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर इतकी वर्षं लपवून खेळलो, हे उघड झालं असतं. हा डोळा मी सात वर्षांचा असतानाच गेला होता.”