बाबांची चौकट

सटवाजींनी पुन्हा 'जेवण'वर बोट ठेवलं. टॅब गोड आवाजात म्हणाला, मला जेवण हवं. त्यांच्या बायकोनं, चांगुणानं ताट वाढून आणलं, तर त्यांनी डाव्या हातानं ते परत सरकवलं. सकाळपासून हेच चाललं होतं. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

लकव्यानं सटवाजींची वाचा गेली होती, उजवा हातही गेला होता आणि अक्षरओळखही. त्यांची लेक करुणा पुण्यात मोबाईलची ॲप आखणारी. बापासाठी रजा काढून गावी, हट्ट्याला आली आणि तिनं टॅबवर चौकटी आखून दिल्या. पाणी, चहा, जेवण, गोळी, दुखतंय, बाहेर न्या. चित्रं अशी देखणी, की शेजारपाजार बघायला आला. ऑफिसात कोणी आधी कागदावर रेघोट्या मारत बसलं, की ती त्याला बालवाडीत घाला म्हणायची. तिचं काम थेट स्क्रीनवर, रेघ न् रेघ सरळ.

आता बाबा नुसतेच बटण दाबत होते.

"ह्यायला काईच उमगत न्हाई का गं आता?" चांगुणानं हळूच विचारलं.

करुणालाही तीच भीती होती. मुका बाप तिनं सोसला असता. आपल्याला न ओळखणारा बाप तिला सोसवणार नव्हता, आणि उद्या तर रजा संपत होती.

दुपारी लाईट गेली, चार्जिंग संपून टॅबही बंद पडला. नाइलाजानं तिनं औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा उलगडला आणि त्याच चौकटी पेनानं काढल्या. घाईघाईत तांब्याचं वांगं झालं. सटवाजींना हसू आलं. त्यांनी डावा हात पुढं करून पेन मागितलं.

कोपऱ्यात त्यांनी एक चौकट काढली. आत मोठा गोल, त्यात लहान गोल. ताट आणि भाकर.

"भूक लागली का, बाबा?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग ताटाशेजारी बराच वेळ खपून एक माणूस काढलं. त्याला दोन वेण्या काढल्या. कोण हे, करुणाला कळेना. तिचे केस कधीच खांद्याच्या वर आले होते. वेण्या शाळेबरोबरच सुटल्या होत्या.

चांगुणानं वाकून पाहिलं.

"अगं, तूच हायेस ती," ती म्हणाली. "तुला इचारून राहिले, जेवलीस का म्हणून."

करुणानं पुठ्ठा जवळ घेतला. तिनं आखलेल्या सगळ्या चौकटी मागायच्या होत्या. विचारायची एकही नव्हती. तिला भडभडून आलं.

"न्हाई, बाबा. न्हाई जेवले अजून."

सटवाजींनी रागानं बायकोकडं पाहिलं आणि चुलीकडं बोट दाखवलं.