शेऱ्याचा रकाना

लाल पेन्सिल ‘खोकला’ या शब्दाखाली दोनदा फिरली.

“पाण्याच्या नोंदवहीत खोकला कुठून शिरला?” साहेबांनी विचारलं.

पाणी मोजणारी मुलगी टेबलासमोर उभी होती. बुटांवरचा चिखल अजून ओला होता. ते अक्षर तिचं नव्हतं, तिच्या बापाचं होतं.

वही एकच, पानं समोरासमोर. डाव्या पानावर ती लिहायची : खाणीच्या वरच्या तळ्याची पातळी, ओढ्याची धार, काठाला भेग आहे की नाही. उजव्या पानावर बाप लिहायचा : खाली पाझर किती, पंप किती तास चालला. वरचं पाणी उतरलं आणि खालचं वाढलं, की माणसं लगेच बाहेर काढायची. म्हणून दोघांचे आकडे शेजारी. ती सकाळी लिहून जायची, तो संध्याकाळी पाळी संपल्यावर. गाठ पडायची ती दोन अक्षरांची.

एरवी बापलेकीचं चौदा महिने बोलणं बंद होतं. माझ्या घरातलं दुसरं कुणी खाणीच्या या फाटकातून आत येणार नाही, असं बाप जन्मभर सांगत आला. लेक भरपूर शिकली आणि पहिली नोकरी धरली ती त्याच फाटकातली. त्यानं तोंड फिरवलं, तिनं वेगळी खोली घेतली. हट्टाच्या बाबतीत कुणी कुणाला हार जाणारं नव्हतं. आई असती तर इकडचे निरोप तिकडे गेले असते. आई नव्हती. होता तो शेऱ्याचा रकाना.

पहिले काही महिने दोघांनीही त्यात इमानदारीत ‘निरंक’ लिहिलं. मग एका गार सकाळी डावीकडे उमटलं, ‘तळ्यावर दाट धुकं. छाती जपावी.’ संध्याकाळी उजवीकडे, ‘पाझर नेहमीचा. खोकला कमी.’ पुढे डावीकडे, ‘काठ निसरडा. नवे बूट चावतात.’ उजवीकडे, ‘पंप सहा तास. जाड मोजे घालावेत.’

साहेबांनी पानं उलटली. तपासायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ उलटली. मग पेन्सिल खाली ठेवली.

“उद्यापासून तुम्हा दोघांना छापील तक्ता. फक्त आकडे आणि भेगेसाठी हो-नाहीची चौकट. शेरा बंद.”

एक ओळ तरी ठेवा, असं तिनं चाचरत सुचवलं. आकड्यांना ओळ लागत नाही, असं म्हणून साहेबांनी फाइल मिटली. या माणसाला सगळे ‘लाल पेन्सिल’ का म्हणतात, ते तिला त्या दिवशी पटलं.

चार दिवस आकडेच आले, आकडेच गेले. पाचव्या दिवशी बापाच्या अक्षरातला सातचा आकडा थोडा थरथरल्यासारखा वाटला. खोकला वाढला की पेन संपत आलं होतं? सातावरून काय कळणार!

सहाव्या सकाळी ती मोजपट्टीपाशी घोटाभर गाळात उभी होती. मागे काठावर कुणीतरी खोकलं.

बाप सुट्टीचा धुतलेला सदरा घालून आला होता. केस पांढरे झाले होते. त्यानं तिच्याकडे नाही, पट्टीकडे बघितलं.

“किती?”

“दोनशे चौदा. कालच्याएवढंच.”

काम झालं होतं. तरी तो हलला नाही.

“एवढी शिकलीस. दुसरीकडे कुठं पाणी नव्हतं मोजायला?”

“होतं की, बाबा. पण त्याच्याखाली तुम्ही नव्हतात.”

बापानं हात पुढे करून तिला गाळातून वर ओढलं, आणि तो हात सोडायचं विसरला. बूट अजून चावतात का, ते तिथेच वाकून, अंगठ्यानं दाबून बघितलं.

तक्ता टांगायला दोघं बरोबरच, खाणीत उतरणारे जिथून दिवे घेतात त्या दिव्यांच्या खोलीत गेली. भिंतीवर पाऊस मोजणाऱ्याचा, हवा तपासणाऱ्याचा, लिफ्टवाल्याचा, असे सगळ्यांचे तक्ते होते. नवे कोरे, याच आठवड्यात छापलेले, आज सकाळीच लावलेले, खाली साहेबांची लाल सही. आणि प्रत्येकाच्या उजव्या कडेला चांगला चार बोटं रुंद शेऱ्याचा रकाना होता.