ताईच्या नावाची लिंक

स्क्रीनवर पहिली ओळ पडली आणि धाकटीने आनंदाने टेबलावर थाप मारली. जमलं होतं एकदाचं. वेबसाइटवर कोणी आलं, एखादं पान उघडलं, खाली सरकवलं, बटण दाबलं, की त्याची नोंद आता लगोलग क्लाउडवरच्या डेटा वेअरहाऊसमध्ये जाऊन पडत होती. वेअरहाऊस म्हणजे कोठारच, फक्त यात धान्याऐवजी लोकांची बोटं कुठे कुठे फिरली ते साठतं. सकाळपासून ही जोडणी करताना तिच्या नाकी नऊ आले होते.

वेबसाइट होती घरात मार खाणाऱ्या बायकांच्या हेल्पलाइनची. धाकटी त्यांच्याच ऑफिसात बसून काम करत होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक लाल बटण होतं. मागून कोणी आलं की ते दाबायचं, पान नाहीसं होतं आणि हवामानाची बातमी उघडते.

तपासणीसाठी धाकटीने घरच्यांनाच कामाला लावलं होतं. प्रत्येकाला वेगळी लिंक पाठवली आणि कोणाची नोंद आली ते कळावं म्हणून लिंकला त्याचं नाव चिकटवलं. वर एवढंच लिहिलं, "ही उघडून बघा जरा. का ते नंतर सांगते."

मामाने उघडली, बंद केली, परत उघडली. कुलूप लावल्यावरही ते ओढून बघणारा माणूस तो. आईने उघडली आणि बंद केली. मग ताईचं नाव आलं.

ताई, पहिलं पान. ताई, "तो हात उगारतो तेव्हा". धाकटी हसली. नसत्या चौकशा करायची खोड लहानपणापासूनचीच. ताई, "पोलिसांकडे जावं का". ताई, लाल बटण.

थोड्या वेळाने पुन्हा ताई. पुन्हा तेच पान, पुन्हा लाल बटण. मग आणखी एकदा.

धाकटीचं हसू मावळलं. सहज चाळणारी बाई लाल बटण कशाला दाबेल? तिला भावोजी आठवले. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी दवाखान्यात रात्रभर बसलेले भावोजी. जावई असावा तर असा, असं सगळं घर म्हणायचं, धाकटीही म्हणायची.

तिने फोन उचलला आणि तसाच खाली ठेवला. हेल्पलाइनचा पहिला नियम तिनेच वेबसाइटवर चढवला होता: आम्ही आपणहून फोन करत नाही, कारण फोन कोणाच्या हातात असेल ते आम्हाला माहीत नसतं.

तेवढ्यात फोनच वाजला. भावोजी.

"काय मेहुणीबाई! हिला कसल्या लिंका पाठवता?" ते हसत होते. नेहमीसारखंच.

"ताई कुठंय?"

"आहे की. स्वयंपाकघरात. तिचा फोन माझ्याकडे आहे."

ते बोलत असतानाच स्क्रीनवर ओळ पडली. ताई, "निवारा कुठे मिळतो". म्हणजे हे बोट त्यांचं होतं. धाकटीने आवाज जपून हलका ठेवला.

"अहो, टेस्टिंग चाललंय, भावोजी. सगळी पानं नीट उघडतात का ते बघायचं होतं. मीच तिला सांगितलं सगळं उघडून बघ म्हणून. आईलाही तेच सांगितलंय."

"असं होय? मग आईंनाच विचारतो."

फोन बंद झाला.

आईला तिने काहीच सांगितलेलं नव्हतं. तिने आईचा नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. आईला खोटं बोलता येत नाही, पाहुण्यांसमोरसुद्धा खरं बोलून ती सगळ्यांची पंचाईत करते. आता एका वाक्यात सगळं संपणार होतं. धाकटी नंबर लावत राहिली.

मग आईचाच फोन आला.

"जावईबापूंचा फोन आला होता," आई म्हणाली. आवाज अगदी सपाट.

"काय सांगितलंस?"

"सांगितलं की हिने मलापण सगळी पानं उघडायला लावली. वाचून वाचून डोळे दुखायला लागले, म्हटलं. हसले, आणि ठेवला फोन."



"आई, पण मी तर तुला फक्त लिंक पाठवली होती."

धाकटी खुर्चीतून उठली.

"आई, तुला माहीत होतं?"

"आधी तिला घेऊन ये," आई म्हणाली. "मग मला काय बोलायचं ते बोल. आणि एकटी जाऊ नकोस. तुमच्या त्या बाईंना बरोबर घे."

हेल्पलाइन चालवणाऱ्या बाई पलीकडच्या खोलीत कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या. धाकटीने दारातूनच त्यांना खूण केली. तिचा चेहरा बघून त्या बोलणं आवरतं घेत उठल्या.

पर्स उचलायला ती टेबलाशी आली. स्क्रीनवर नवी ओळ पडली होती.

ताई, "घर सोडताना सोबत काय घ्यावं".

ती लाल बटणाच्या ओळीची वाट बघत उभी राहिली. ते बटण ताईच दाबायची, भावोजींना त्याची गरज नव्हती. बाई पायात चपला सरकवून दाराशी आल्या, "चल" म्हणाल्या, तरी ती हलली नाही. पान उघडंच होतं. कोणीतरी ते सावकाश, शेवटपर्यंत वाचत होतं.